हौसेची जुनी जीप घेण्याआधी

मैत्रिणींनो, प्रेशर कुकरपासून शिलाईच्या मशिनपर्यंत किती तरी वस्तू आपण या सदरात पारखून पाहिल्या. पण गेल्या महिन्यात नाशिकहून, गंगापूर रोडवरून, जे पत्र आलं त्याने मी जरा विचारात पडले. त्या भगिनी लिहितात :

"ह्यांनी सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्या, आमच्या दाराशी मात्र स्कूटरच. येत्या दिवाळीला निवृत्त होताहेत. आता म्हणतात, एक जुनी उघडी जीप घ्यायची, हूड काढून टाकायचं आणि त्र्यंबक, वणी, भंडारदरा करत हिंडायचं. रोज संध्याकाळी कुणाची ना कुणाची जीप बघून येतात. फंडाचे पैसे अजून हातात यायचे आहेत, धाकटीचं लग्न व्हायचं आहे. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. नाही म्हणावं तर त्यांचं तोंड उतरतं, हो म्हणावं तर माझी झोप उडते. काय करू?"

ताई, नाही म्हणू नका. एकतीस वर्षांत माणसाने एक हौस सांगितली आहे. पण नुसतं हो म्हणूनही गप्प बसू नका. "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून" म्हणतात, त्यात "जुनी गाडी पाहावी घेऊन" हेही घालायला हवं. आणि गाडीतलं कळत नाही म्हणता, ते काही खरं नाही. जुन्या गाडीत जे फसतात ते बहुधा इंजिनात फसत नाहीत, कागदांत आणि गंजात फसतात. कागद नीट वाचणं आणि डागडुजी ओळखणं, ही दोन्ही कामं तुम्ही घरात रोज करता.

कुठली जीप, कशासाठी?

आधी एका संध्याकाळी चहा घेऊन दोघं शांतपणे बसा आणि ठरवा, गाडी हवी कशाला? महिन्यातून दोन फेऱ्या मारायला, की रोज भाजी आणायला? कारण जीप म्हणजे एकच वस्तू नव्हे.

नाशिककरांना जीप नवी नाही. महिंद्राचा सातपूरचा कारखाना १९८१ सालचा. इगतपुरीला त्यांचा इंजिनांचा कारखाना. २०१० साली आलेली थार नाशिकलाच बनली आणि २०२० सालची नवी थारही. तिच्या मागे मोठी वंशावळ आहे. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी ही जीप काढली. तिकडे ती १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे महिंद्राने तोच वंश कितीतरी वर्षं पुढे चालवला. म्हणून आज बाजारात जुनी उघडी जीप म्हणून जे दिसतं, त्यात ढोबळमानाने तीन पिढ्या असतात.

पहिली, अगदी जुनी पेट्रोलवरची. दिसायला सुरेख, समोरची काच पुढे बॉनेटवर आडवी पडणारी. पण पेट्रोल फार पिते, आणि तिचे भाग शोधत हिंडावं लागतं. नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ सालच्या जुलैमध्ये वेगळे नियम काढले. अशी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवायला वीस हजार रुपये फी, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र तशी नोंदवलेली गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. तेव्हा "विंटेज आहे हो!" असं कुणी म्हटलं, की खूश होण्याआधी हे आठवा.

दुसरी पिढी डिझेलची, ऐंशी-नव्वदच्या दशकातली. एमएम ५४० हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव, प्यूजोच्या डिझेल इंजिनाचं. आवाज मोठा, वेग बेताचा, पण हात बसलेले फिटर नाशिकला अजून मिळतात. तिसरी म्हणजे २०१० ते २०२० मधली जुनी थार. किमतीला जास्त, पण वापरायला त्यातल्या त्यात सोपी आणि कागदांचा गुंताही कमी.

तुमच्या यजमानांची हौस बहुतेक दुसऱ्या पिढीची असणार, कारण ऐन उमेदीत त्यांनी तीच पाहिली. तसं असेल तर तेही चांगलंच. पण ठरवून घ्या, आणि ठरलं की बाकीच्या जीपा बघायला जाणं बंद. दहा दुकानं हिंडलं की अकराव्यात नको ती साडी घेतो, तसं होतं.

कागद आधी, गाडी मागून

बहुतेक पुरुष आधी गाडी बघतात, तिच्या प्रेमात पडतात आणि मग कागद मागतात. तोवर मन गुंतलेलं असतं, आणि विकणाऱ्याला ते दिसतं. तुम्ही उलट करा. गाडी बघायला जायच्या आधी आर.सी. बुकाची, विम्याची आणि पी.यू.सी.ची प्रत मागवा. "या, आधी गाडी तर बघा" असं कुणी फार म्हणत असेल, तर तिथे जायची घाई नको.

प्रत हाती आली की चष्मा लावून बसा.

एक, बुकावर नाव कुणाचं? समोर उभा असलेला माणूसच मालक आहे का? "मी मागच्याच वर्षी घेतली, नावावर करायची राहिली" हे उत्तर आलं तर गाडी कितीही गोड असो, मागे फिरा. आधी त्याने आपल्या नावावर करावी, मग आपल्याला विकावी. मूळ मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर झाली पाहिजे.

दोन, नोंदणीची मुदत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, आणि त्याची फी जुन्या गाडीला बरीच जास्त आहे. शिवाय आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर असतो. मुदत संपलेली असेल तर हा सगळा खर्च कुणी करायचा, ते आधी बोला. नूतनीकरण करूनच गाडी ताब्यात घेणं उत्तम.

तीन, कर्जाचा बोजा. बुकावर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हवाच.

चार, परराज्यातली गाडी. २०१५ सालापासून दिल्लीच्या आसपास जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं येत गेली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पंजाब-हरियाणातून, डबवालीसारख्या ठिकाणांहून, सुट्ट्या भागांतून नव्याने जोडलेल्या झगमगीत जीपाही येतात. तिकडचा ना-हरकत दाखला, म्हणजे अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, नसेल तर ती गाडी इथे नोंदवता येणार नाही. असला, तरी इथला रस्ता कर भरावा लागेल. स्वस्त गाडी मग तितकीशी स्वस्त राहत नाही.

पाच, केंद्र सरकारच्या 'परिवहन'च्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. नोंदणीची, विम्याची मुदत आणि थकलेली चलनं तिथे कळतात. मोबाईलवरसुद्धा होतं. भाच्याला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

आमच्या घरची गोष्ट

हे सगळं मी इतकं ठासून का सांगते, तर आमच्या घरी एकदा चटका बसला आहे. निफाडकडे आमची थोडी द्राक्षबाग होती. जमीन सासूबाईंच्या नावावर, म्हणून जीपही त्यांच्याच नावावर घेतलेली. मामंजी गेल्यावर जीप दारात उभी राहून गंजायला लागली, तेव्हा विकून टाकली. घेणारा ओळखीतला. त्याने रोख पैसे दिले, सासूबाईंनी एकोणतीस आणि तीस नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. "नावावर मी करून घेतो, आजी" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. आम्हीही विसरलो.

अडीच वर्षांनी पोस्टमन एक लिफाफा घेऊन आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस, सासूबाईंच्या नावाने. त्या जीपने एका सायकलस्वाराला उडवलं होतं. माणूस कायमचा अधू झाला होता. जीप मधल्या काळात आणखी एकाने घेतली होती, विमा संपलेला होता आणि बुकावर नाव अजून आमच्या सासूबाईंचंच होतं. ज्या बाईला साधं स्टेअरिंग धरता येत नव्हतं, ती त्र्याहत्तराव्या वर्षी कोर्टाच्या बाकावर बसली. चार वर्षं तारखा झाल्या. शेवटी तडजोड झाली आणि त्यात त्यांच्या पाटल्या गेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पोराला तरी पैसे मिळाले." पण पुन्हा कुठल्याही कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरायचा.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की नोंदणीच्या पुस्तकात ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुम्ही घेणाऱ्या आहात, म्हणून ही विकणाऱ्याची काळजी असं समजू नका. नाव बदललं नाही तर गाडी चोरीला गेल्यावर विम्याचे पैसे मागताना अडचण, पुढे विकताना अडचण. आणि आमच्यासारख्या एखाद्या म्हातारीच्या गळ्याशी फास तो वेगळाच. पंचवटीत पेठ रोडला आर.टी.ओ. आहे. विकणाऱ्याला बरोबर घेऊनच काम पुरं करा, आणि शेवटची रक्कम त्यानंतर द्या.

विम्याचंही तसंच. चौदा दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घ्या. जुनी नंबरप्लेट असेल तर आताच्या नियमाची उच्च सुरक्षा प्लेट बसवली आहे का, तेही बघा.

आता गाडी बघायला चला

कागद पटले की मग जा. दोघांनी मिळून जा, सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." बरोबर पिशवीत घ्या : बॅटरी, जुनी चटई, फ्रिजवर चिकटवतो तसलं लोहचुंबक, मऊ फडकं आणि वही-पेन.

पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे. थंडीत सुरू व्हायला ती कुरकुरत असेल आणि ते लपवायचं असेल.

मग नंबर ताडून बघा. चेसिसवर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर, दोन्ही बुकातल्या नंबरांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. कोरलेल्या जागी घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर पुढे बघायचं कारण उरत नाही. कित्येक जीपांत मधेच कधीतरी दुसरंच इंजिन टाकलेलं असतं. आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन बुकात नोंद केली असेल तर ठीक. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी अडणार. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे, की कंपनीने बनवलेल्या मूळ गाडीत मनाला येतील तसे फेरफार करता येणार नाहीत.

आता गंज. जीपचं सगळं सार तिच्या चेसिसमध्ये. इंजिन उतरवून बांधता येतं, हूड नवं शिवून मिळतं, पण कुजलेली चेसिस म्हणजे वाळवी लागलेलं आढं. चटई टाकून यजमानांना खाली जाऊ दे, बॅटरी तुम्ही धरा. पाटे जिथे बसवलेले असतात ती जागा, आडवे दांडे आणि मागचं टोक नीट बघायला सांगा. नवं वेल्डिंग, ताजा काळा रंग दिसला की विचारा, हे कशासाठी केलं?

वरून बघायचं काम तुमचं. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे. फाटक्या साडीला अस्तर लावून रफू झाकावं, तसा तो प्रकार. दारांच्या खालच्या कडा, पाय ठेवायची जागा, मागचा हौदा, सगळीकडे फिरवा. बागाईतदाराची जीप असेल तर हौदा जास्त बारकाईने बघा. खताची पोती वाहून वाहून तिथला पत्रा आतून खाल्लेला असतो. कोकणातून आलेली असेल तर खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा. रबरी चटई उचलून बघायला लाजू नका. घर भाड्याने घेताना आपण कपाटामागची भिंत बघतोच ना?

हूड चढवून दाखवायला सांगा. सांगाडा सरळ आहे का, पट्टे, बटणं आहेत का, कापड कुठे विरलं आहे? जमलं तर बादलीभर पाणी ओतून आत किती येतं ते बघा. जुन्या जीपमध्ये थोडं येतंच. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात अर्ध्या वाटेवर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

इंजिन थंड असतानाच तेलाची दांडी काढून बघा. तेल काळं असेल तर चालेल, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर तेलात पाणी उतरतं आहे, मोठं काम आहे. रेडिएटरचं झाकणही थंड असतानाच उघडायचं, गरम असताना चुकूनही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग नको.

मग सुरू करायला सांगा. डिझेल जीप हीटर देऊन सुरू होते, थंडीत क्षणभर धूर येतो, त्याला घाबरू नका. पण गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळतं आहे. सारखा काळा धूर आला तर डिझेल नीट जळत नाही. चालू इंजिनाचं तेल घालायचं झाकण जरा सैल केलं आणि आतून भकाभक वाफा आल्या, तर इंजिन थकलं आहे असं समजावं.

चालवून बघताना निदान अर्धा तास तरी चालवा. पांडवलेण्याच्या बाजूचा चढ किंवा अंजनेरीकडचा रस्ता चांगला. चढावर दम लागतो का, गिअर उडतो का, ब्रेक पहिल्या दाबाला लागतो की दोन-तीनदा पंप करावा लागतो? स्टेअरिंगला थोडी ढील असतेच, पण वीतभर रिकामं फिरत असेल तर दुरुस्तीच्या यादीत लिहा. फोर-व्हील आहे म्हणतात तर मुरमाच्या मोकळ्या जागेवर टाकून बघा, डांबरी रस्त्यावर टाकून वळवू नका. कित्येकदा दांडा असतो, काम मात्र करत नाही.

आणि शेवटी, आपल्या विश्वासातला एखादा जुना फिटर घेऊन दुसऱ्यांदा जा. सातपूर-अंबडला जीपवर हात काळे केलेली माणसं तुमच्या यजमानांच्याच ओळखीची असतील. त्याला त्याचे पैसे द्या. फुकटात आणलेला माणूस "बरी आहे" एवढंच म्हणतो.

पैशांचा हिशेब

वहीत तीन रकाने पाडा. पहिला गाडीची किंमत. दुसरा कागदांचा खर्च : नूतनीकरण, कर, विमा, नावावर करणं. तिसरा दुरुस्ती : टायर, ब्रेक, हूड, बॅटरी, रंग. माझा आपला ठोकताळा असा, की गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची समजावी.

धाकटीच्या लग्नाचे आणि दोघांच्या दुखण्याखुपण्याचे पैसे आधी वेगळ्या ठेवीत घाला, पावती कपाटात ठेवा. उरेल त्यातून जीप. आणि हे ह्यांना रुसव्याने नव्हे, वही समोर ठेवून सांगा. आयुष्यभर कारखान्यात मापं घेतलेला माणूस आकड्यांवर रागावत नाही. इसार द्याल तो थोडाच द्या, पावती घेऊन द्या, आणि पावतीवर "कागद न जुळल्यास परत" असं लिहून घ्या.

एक शेवटची गोष्ट, नातवंडांची. जुन्या उघड्या जीपला पट्टे नसतात, मागचे बाक आडवे असतात. पुढच्या सीटला चांगले पट्टे बसवून घ्या, आणि लहान मुलांना मागच्या बाकावर बसवून हायवेला नेऊ नका, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी ते जीप बघायला निघाले की चप्पल घालून तुम्हीही निघा. पिशवीत ते चुंबक असू द्या. ते थोडे हसतील, मग चटई तुमच्याकडून मागून घेतील. आणि मनासारखी जीप मिळून बुकावर नाव लागलं, की पहिली फेरी वणीला करा आणि मला पत्र लिहा. हूड काढून गेलात की चढवून, तेही कळवा.